पायाखालचा सूर

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी सुभानपुऱ्यातील माझ्या घरी एक गृहस्थ आले. गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तीस वर्षे नोकरी करून ते नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांचा मुलगा हा माझा जुना विद्यार्थी. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मग त्यांनी हातातील पिशवीतून एक धातूची डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली. अर्ध्या विटेएवढी, नारिंगी रंगाची, वर फिरवावयाची तीन बटणे आणि खाली पायाने दाबावयाची एक पट्टी.

“सर,” ते म्हणाले, “पोराने असल्या सात डब्या जमवल्या आहेत. आता आणखी एक घ्यायची म्हणून माझ्याकडे पैसे मागतो. मला त्यातले काही कळत नाही. तुम्ही इतकेच सांगा, हे संगीत आहे की फसवणूक? संगीत असेल तर मी फंडातून पैसे काढून देतो. फसवणूक असेल तर तुम्ही त्याला समजवा. तो तुमचे ऐकतो.”

‘तो तुमचे ऐकतो’ हे शब्द मला बोचले. कारण त्याने माझे एकदा ऐकले होते. बारा वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात तो गिटार वाजवावयास उभा राहिला, तेव्हा त्याच्या पायाशी अशीच एक उसनी आणलेली डबी होती. लहानपणी चर्चच्या गायनवृंदात मी साधी लाकडी गिटार वाजवीत असे. तेवढ्या भांडवलावर मला या विषयातील अधिकार आहे असे मी समजत होतो. मी ती डबी उचलून बाजूस ठेवली आणि चार मुलांदेखत म्हणालो, “ज्याच्या बोटांत सूर नाही, त्याने तो पायाने शोधू नये.” मुलगा काही बोलला नाही. डबीवाचून त्याने वाजविले. त्यानंतर माझ्यासमोर त्याने पुन्हा गिटार काढली नाही.

आता तो तिशीकडे झुकला आहे. मुंबई-पुण्याच्या रॉक वृंदांतून वाजवितो, ध्वनिमुद्रणास जातो, नवरात्रात बडोद्यास येऊन गरब्याच्या वाद्यवृंदात नऊ रात्री उभा राहतो, आणि त्या मिळकतीवर पोट भरतो. वडिलांना उत्तर देण्यापूर्वी आपण ही वस्तू एकदा नीट पाहावी, असे मी ठरविले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी त्यांच्या घरी गेलो.

त्याच्या खोलीत जमिनीवर एक फळी होती आणि तीवर ओळीने सात डब्या बसविलेल्या होत्या. आखूड तारांनी त्या एकमेकींस जोडल्या होत्या. गिटारची तार उजव्या टोकास आत शिरे आणि डाव्या टोकाने बाहेर पडून ध्वनिवर्धकाकडे जाई. यांस वादक ‘पेडल’ म्हणतात. विजेच्या गिटारमध्ये पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार असते. पोलादी तार कंप पावली की त्या गुंडाळीत अतिशय क्षीण अशी वीज निर्माण होते. ती वीज म्हणजेच गिटारचा सूर. तो अद्याप ध्वनी झालेला नाही. ध्वनिवर्धकात पोहोचल्यावर तो ध्वनी होणार. मधल्या वाटेवर त्याला गाठून त्याचा आकार बदलणे, एवढेच पेडलचे काम. बहुतेक पेडल नऊ व्होल्टच्या विजेवर चालतात. हात तारांत गुंतलेले असतात म्हणून बटण पायाशी ठेवलेले, इतकी ही साधी सोय आहे.

“कोठून सुरुवात करू, सर?” त्याने विचारले.

“जी मी उचलून ठेवली होती तेथून,” मी म्हणालो.

ती स्वर फाडणारी डबी होती. तिची हकीकत मोठी मनोरंजक आहे. अमेरिकेत नॅशव्हिल येथे १९६० साली मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ‘डोंट वरी’ या गीताचे ध्वनिमुद्रण चालले होते. ग्रेडी मार्टिन हे वादक सहा तारांची खर्ज गिटार वाजवीत होते. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातील एक भाग बिघडला आणि गिटारचा स्वच्छ सूर एकाएकी घोगरा, फाटका, भुंग्यासारखा येऊ लागला. तो पुसून पुन्हा वाजवावयाचे की ठेवावयाचे, यावर चर्चा झाली आणि अखेर ठेवावयाचे ठरले. १९६१ साली ते गीत गाजले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड हुकमी घडवून आणील असे एक लहानसे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने ते घेतले आणि १९६२ साली ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ या नावाने पायाखालची डबी बाजारात आली. आरंभी तिला फारसे कोणी विचारीना. १९६५ साली रोलिंग स्टोन्स या इंग्रजी वृंदाच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात कीथ रिचर्ड्स यांनी ती वापरली आणि त्यानंतर तिला कमालीची मागणी आली.

हा घोगरेपणा येतो कसा? सुराची लाट म्हणजे गोल माथ्यांच्या टेकड्यांची रांग समजा. विजेचा पुरवठा मर्यादित असल्याने मंडल काही उंचीपलीकडे जाऊ शकत नाही. लाट त्याहून उंच झाली की तिचे माथे कापले जातात, आणि गोल टेकड्यांच्या जागी आपल्या सह्याद्रीतील सपाट माथ्याच्या गडांसारखे आकार उरतात. या कापलेल्या कडांमधून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे उपसूर उसळून वर येतात. तोच तो खरखरीतपणा. शिवाय मूळ सूर विरत गेला तरी कापलेल्या लाटेची उंची बराच वेळ तेवढीच राहते. म्हणून एरवी क्षणात विझणारा गिटारचा सूर सारंगीसारखा लांबत जातो.

हे ऐकत असता मला तानपुरा आठवला. मिरजेच्या कारागिरांनी केलेला तानपुरा आपण सारेच नावाजतो. २०२४ साली तेथील सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तानपुऱ्याचा प्राण कशात असतो? जवारीत. तार घोडीच्या रुंद पाठीवर अगदी हलकी घासावी, अशा बेताने कारागीर घोडी तासतो, आणि गायक तारेखाली दोरा सरकवून ती नेमकी जागा शोधतो. तार निखळ मोकळी सुटली तर तानपुरा मुका वाटतो. घासली म्हणजेच तो झंकारतो आणि त्यातून उपसुरांचा मोहोर फुटतो. जुळलेल्या तानपुऱ्यातून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्यास आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो खर्जाच्या तारेच्या पाचपट कंपनाचा उपसूर होय. बडोदे दरबारात काही काळ गायक असलेले आणि पुढे मिरजेस स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्यांची दुरुस्ती करण्यात निष्णात होते. तारेच्या त्या घासण्यास त्यांनी दोष म्हटले नसते.

माझ्या विद्यार्थ्याने तेव्हा आणखी एक गोष्ट दाखविली. डबी चालू ठेवून त्याने तीन-चार सुरांचा मेळ छेडला, तर नुसता चिखल ऐकू आला. प्रत्येक सुराचे उपसूर एकमेकांच्या अंगावर पडत होते. मग त्याने त्यांतला गंधार काढून टाकला आणि केवळ षड्ज-पंचम वाजविले. सूर एकदम भक्कम व स्वच्छ झाला. “म्हणून रॉकचे वादक बहुधा हे दोनच सूर धरतात, सर,” तो म्हणाला. श्रोतेहो, पंचम आणि षड्ज ही तर आपल्या तानपुऱ्याची जुळणी! दोन दूरदेशीच्या कानांनी, उपसुरांच्या गर्दीत राहावयाचे असेल तर कोणाच्या आधाराने राहावे, याचे एकच उत्तर शोधून काढले होते.

दुसरी डबी पायाखाली झुलणारी होती. तिला ‘वॉ-वॉ’ म्हणतात. तिचे मर्म समजण्यासाठी आपण घरबसल्या एक प्रयोग करून पाहावा. एकाच सुरात ‘ऊ’ म्हणावयास लागावे आणि सूर न सोडता हळूहळू ‘आ’कडे यावे. गळ्यातील सूर तोच राहिला. जीभ, ओठ आणि जबडा यांनी त्यातील कोणत्या उपसुरांना वाट द्यावयाची एवढे बदलले. वॉ-वॉचे पेडल हेच करते. टाच दाबली की जड उपसुरांना वाट मिळते, चवडा दाबला की तीक्ष्ण उपसुरांना. आणि पाय झुलविला की गिटार जणू तोंड उघडून बोलू लागते. कॅलिफोर्नियातील थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट या तरुण अभियंत्याने १९६६ साली हे शोधले. बटण बोटांनी फिरविण्याऐवजी ते ऑर्गनच्या पायपट्टीत बसविले, आणि पेडल तयार झाले. १९६८ सालच्या ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ या ध्वनिमुद्रिकेत जिमी हेंड्रिक्स यांनी या पेडलकडून जे वदवून घेतले, ते आजही नवे वादक कान लावून अभ्यासतात.

तिसरी डबी प्रतिध्वनीची. विजापूरच्या गोलघुमटात ज्यांनी एकदा टाळी वाजविली आहे, त्यांना प्रतिध्वनीचे नवल सांगावयास नको. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे सतरा मीटरवरील भिंतीवरून परतण्यास त्याला सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. इतका वेळ सूर थोपवून धरावयाचा तर भिंतीवाचून कसा धरावा? प्रथम फिरत्या चुंबकीय फितीने हे केले; सूर फितीवर लिहावयाचा आणि ती थोडी पुढे सरकली की वाचावयाचा. पण फितीची यंत्रे अवजड व नाजूक. १९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर या संशोधकांनी निराळीच युक्ती काढली. आग लागली असता माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तशी विजेची अल्पशी मात्रा शेकडो सूक्ष्म कोठ्यांतून एकीतून दुसरीत द्यावयाची. शेवटच्या कोठीत ती पोहोचते तोवर हवा तेवढा विलंब झालेला असतो. त्या घटकास नावही बादल्यांच्या रांगेचेच मिळाले, आणि प्रतिध्वनी डबीत मावू लागला. हाच विलंब अत्यल्प ठेवून त्यात किंचित चढउतार केला की एका गिटारच्या दोन-तीन गिटार झाल्याचा भास होतो. भजनी मंडळात दहा कंठ एकाच सुरात गातात, पण कोणताही कंठ दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, आणि त्या लहानशा फरकामुळेच तो सूर भरदार वाटतो. तसेच हे आहे.

१५ डिसेंबर २०१९ रोजी आयर्लंडचा यू-टू हा वृंद नवी मुंबईत नेरूळच्या मैदानावर वाजवून गेला. त्यातील एज या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या वादकाची सारी शैली या विलंबावर उभी आहे. तो मोजके सूर छेडतो आणि परतणारे प्रतिध्वनी मधल्या जागा भरतात. ऐकणाऱ्यास वाटते, केवढी ही बोटांची घाई! येथे माझ्या मनातील जुना शिक्षक पुन्हा जागा झाला. “मग ही फसवणूकच नव्हे काय?” मी विचारले.

उत्तरादाखल त्याने गिटार माझ्या हाती दिली. प्रतिध्वनीची डबी चालूच होती. मी माझ्या गायनवृंदातील एक सोपी चाल वाजवू लागलो आणि दहा सुरांतच गोंधळून थांबलो. माझी लय किंचित मागेपुढे होत होती. परतणारा सूर मात्र घड्याळासारखा येत होता आणि माझी प्रत्येक चूक मला दुसऱ्यांदा ऐकवीत होता. मग त्याने तेच वाजविले. छेडलेला सूर आणि परतलेला सूर एकमेकांत असे गुंफले गेले की कोणता कोणाचा हे सांगता येईना. ज्याची लय पक्की नाही त्याला ही डबी आधार देत नाही, उलट ती त्याला उघडे पाडते, हे मला त्या दिवशी समजले.

तरीही प्रश्न उरतोच, की हे आपल्या संगीतसंस्कारात बसते काय? बडोदे हे संगीताविषयी काटेकोर असणारे गाव. मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली सयाजीराव महाराजांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली. १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथेच भरली. पण याच महाराजांचा आश्रय लाभलेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्यास साथ कशाची असे? ऑर्गनची! पायाने भाता चालवावयाचा आणि हाताने सूर काढावयाचे, असे ते परदेशी वाद्य. तिची धाकटी बहीण पायपेटी आपल्या नाटकांतून व कीर्तनांतून नांदली. आणि हातपेटीची तर कथाच निराळी. तिच्यात मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर ठेवले, ते थेट १९७१ पर्यंत. बंदी घालणाऱ्यांचे आक्षेप खोटे नव्हते. पण ज्यांच्या बोटांत सूर होता त्यांनी त्याच पेटीतून रसिकांना डोलविले, आणि अखेरीस दार उघडावे लागले. वाद्यातील उणीव दाखविणे सोपे असते. त्या उणिवेतून वादक काय काढू शकेल, हे आधी सांगता येत नाही.

असे असले तरी डब्यांची तरफदारी करण्यास मी उभा राहिलेलो नाही. त्यांचा मोह खरा आहे, आणि तो मुलांच्या घरच्यांना परवडणारा नाही. चांगल्या पेडलला कित्येक हजार रुपये पडतात. आवडत्या वादकाच्या फळीवर जे दिसले ते आपल्या फळीवर आले की त्याचा सूर आपल्या हाती येईल, असे तरुणांस वाटते. तसे होत नाही. माझ्या विद्यार्थ्याने हे माझ्याहून स्पष्ट शब्दांत सांगितले. “सातांपैकी दोन मी नुसत्या हौसेपायी घेतल्या, सर. वर्षभरात त्यांवर पाय पडलेला नाही.”

“मग आठवी कशाला?” मी विचारले.

तो हसला. आठवी डबी सुराची नव्हतीच. ती प्रत्येक पेडलला स्वतंत्रपणे वीज पुरविणारी पेटी होती. सातही डब्या एकाच तारेवर जोडल्या की त्या एकमेकींच्या विजेत लुडबुड करतात आणि ध्वनिवर्धकातून सतत घूं असा आवाज येतो. आदल्या नवरात्रात, मैदानावर जनरेटरच्या विजेवर वाजविताना, त्या घुमण्यापायी त्याला दोन रात्री डब्या बाजूस ठेवून वाजवावे लागले होते. आपल्या विद्येचे त्याला मिळालेले सर्वांत मोठे काम त्या घूंमुळे हातचे जाण्याची वेळ आली होती. वडिलांना हे सांगावयास त्याला शब्द सापडले नव्हते, आणि वडिलांना वाटले होते की आणखी एक खेळणे.

निघण्यापूर्वी मी त्याला स्नेहसंमेलनाची आठवण दिली आणि माझी चूक झाली असे म्हणालो. तो थोडा वेळ तारा पुसत बसला. मग म्हणाला, “सर, त्यानंतर वर्षभर मी गिटार हाती धरली नव्हती.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण ते वर्ष कोणालाही परत आणता येणार नाही. शिक्षकाचे एक वाक्य मुलाच्या हातातून किती काळ वाद्य खाली ठेववू शकते, हे कळण्यास मला बारा वर्षे लागली.

त्याच्या वडिलांना मी जे उत्तर दिले, ते येथेही देतो. हे संगीत आहे. डबी स्वतः गात नाही. हात जे देतो तेच ती घोगरे करते, बोलते करते किंवा परत ऐकविते. हातात काही नसेल तर तिच्यातून काहीच निघत नाही. म्हणून मुलाला आधी डबीवाचून वाजवावयास सांगावे आणि ते ऐकावे. नंतर डबीसह वाजवावयास सांगावे आणि तेही तितक्याच लक्षपूर्वक ऐकावे. दोन्ही ऐकल्यावाचून निकाल देऊ नये. मी पहिलेच ऐकले होते, दुसरे ऐकण्याचे नाकारले होते.

व्यवहार असा ठरला की त्याने न लागणारी दोन पेडल विकावीत आणि उरलेली रक्कम वडिलांनी उसनी द्यावी. नवरात्र पार पडल्यावर त्याने ती परत केली, असे वडिलांनी मला मुद्दाम येऊन सांगितले. नवव्या रात्री तेही मैदानावर गेले होते. कोणता सूर कोणत्या डबीचा हे आपल्याला ओळखता आले नाही, असे ते म्हणाले. पण घूं असा आवाज आला नाही, हे त्यांनी नेमके टिपले होते.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्याच्या फळीवरील सर्वांत पहिली डबी, जिच्यातून गिटारचा सूर प्रथम जातो, ती सुरात कोणताही बदल करीत नाही. ती फक्त तार सुरात लागली आहे की नाही एवढे दाखविते. आणि ती पाहत असेपर्यंत बाहेर काही ऐकू जात नाही. प्रत्येक गीतापूर्वी तो तीवर पाय ठेवतो, तारा जुळवितो, आणि मगच पुढच्या डब्यांकडे वळतो.